पाण्याखालून ऐकलेला पाऊस

कोरलची, म्हणजे प्रवाळाची, ती फांदी माझ्या करंगळीएवढीच होती. टोकाला जांभळट, खाली मातकट पिवळी. माझ्या पायातला फिन, म्हणजे पोहताना घालायचा रबरी पंजा, तिला लागला आणि ती मोडली. आवाज खरंच आला की नाही आता नक्की सांगता येणार नाही, पण मला तो आठवतो, वाळकी काडी मोडावी तसा. वळून बघितलं तर तुकडा हेलकावे खात खाली चालला होता आणि जिथून तुटला तिथे पांढराशुभ्र ठिपका, ताज्या खोबऱ्यासारखा. अंदमानातला माझा पाण्यातला पहिला दिवस, जेमतेम वीस मिनिटं झाली होती.

परत आल्यावर फोटो टाकले, मासे दाखवले, सगळ्यांनी कौतुक केलं, पण या फांदीबद्दल वन्संशिवाय कुणाशी बोलले नाही. आज बडोद्यात सकाळपासून पाऊस लागलाय, शाळेला सुट्टी आहे, तर लिहून टाकते.

आधी पाण्याचं सांगायला हवं. बडोद्यात वाढलेल्या माणसाचं पाण्याशी नातं जरा वेगळंच असतं. आमच्या गावातून विश्वामित्री वाहते आणि तिच्यात मगरी आहेत, एक-दोन नाही, शेकड्यांनी, आणि त्या पिंजऱ्यातल्या नाहीत, भर शहरात पुलाखाली गाळावर ऊन खात पडलेल्या असतात. लहानपणी काळाघोड्याच्या पुलावर बाबा स्कूटर उभी करायचे आणि कठड्यावरून बोट दाखवायचे, ती बघ, ओंडक्यासारखी दिसतेय ना ती. ऑगस्ट २०२४ च्या पुरात तर मगरी सोसायट्यांमध्ये शिरल्या, अकोट्यात एक चक्क छपरावर जाऊन बसली होती, ते व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील. तर 'पाण्यात पाय घालायचा नाही' हे आम्ही पाढ्यांच्या आधी शिकतो. आणि समुद्र म्हटलं की मला आठवतो तो कमाटी बागेतल्या म्युझियममधला निळ्या देवमाशाचा सांगाडा. सत्तर फुटांच्या आसपास लांब, १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेला. त्या फासळ्यांखाली उभं राहून वर बघितलं की एखाद्या देवळाच्या सभामंडपात आल्यासारखं वाटायचं, आणि हा एवढा मोठा जीव राहतो ते पाणी केवढं असेल या विचाराने पोटात खड्डा पडायचा. म्हणजे समुद्राची माझी पहिली ओळखच हाडांची.

पोहायला मी शिकले चव्वेचाळिसाव्या वर्षी, गुडघ्यासाठी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, लालबागच्या स्विमिंग पूलमध्ये, बायकांच्या बॅचला.

अंदमानचं वन्संनी काढलं. मराठी माणूस अंदमानला जातो तो सेल्युलर जेलसाठी, १९११ साली सावरकरांना जिथे आणलं ती कोठडी बघायला. वन्संचंही शाळेत असल्यापासूनचं मनात होतं, आणि मे महिन्यात तिकडे पाऊस सुरू होतो म्हणून हॉटेलं स्वस्त असतात, तर वैशाखात निघालो आम्ही दोघी नणंद-भावजय. मुंबई, चेन्नई, पोर्ट ब्लेअर, ज्याचं नाव आता श्री विजयपुरम आहे. कोठडीसमोर वन्सं बराच वेळ उभ्या राहिल्या, आत गेल्या, भिंतीला हात लावला, काही बोलल्या नाहीत. तिथून आम्ही नीलला गेलो, शहीद द्वीप म्हणतात आता, बोटीने दीड-दोन तास. छोटं बेट, सगळी भातशेती आणि भाजीचे मळे, पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या बंगाली लोकांची वस्ती. सूर्य पाचला उगवतो आणि संध्याकाळी साडेपाचला अंधारायला लागतं, कारण घड्याळ आपलंच पण बेट पार पूर्वेला. वन्सं म्हणाल्या, इथे माणसाला पहाटेचं उठायला कुणी शिकवावं लागत नाही.

पहिल्या दिवशी भरतपूर बीचवर एकाने आम्हाला घेतलं, म्हणजे मला, वन्सं काठावर बसल्या. लाइफ जॅकेट, मास्क, तोंडात नळी आणि हातात ट्यूब, ती ट्यूब तो ओढत न्यायचा. त्याच्या खिशात ब्रेडची पिशवी. ब्रेड पाण्यात कुस्करला की पट्ट्यापट्ट्यांचे मासे अंगावर तुटून पडतात, हाताला चावे घेतात, आणि तो फोटो काढतो. मला तेव्हा मजा वाटली हे मी कबूल करते. फोटो काढताना तो सरळ कोरलवर उभा राहिला, दोन्ही पायांवर, आपण ओट्यावर उभे राहतो तसा. मीही तिथेच पाय टेकायला बघत होते कारण नाकाने श्वास घेता येत नाही म्हटल्यावर मी घाबरले होते, घाबरून पाय मारत होते, आणि त्यातच ती फांदी मोडली. तो म्हणाला, कुछ नहीं होता मॅडम, पत्थर है.

दगड नाही तो. हे मला पुस्तकातून माहीत होतं, सातवीला शिकवतेही मी, पण शिकवणं वेगळं. कोरल म्हणजे हजारो बारीक बारीक जीव, एकेक जीव टाचणीच्या डोक्याएवढा, स्वतःभोवती चुन्याचं घर बांधत राहतो, आणि त्याच्या अंगात त्याहून सूक्ष्म शेवाळं राहतं. शेवाळं उन्हावर अन्न तयार करतं, त्यातलं बरंचसं कोरलला मिळतं, त्या बदल्यात त्याला घर. रंगही बहुतेक शेवाळाचाच. अंगठीतलं लाल पोवळं आपल्याला ठाऊक असतं ते वेगळ्या जातीचं, हे उथळ पाण्यातलं भिंती बांधणारं कोरल. फांद्यांचं कोरल त्यातल्या त्यात झपाट्याने वाढतं, चांगलं पाणी मिळालं तर वर्षाला दहा सेंटिमीटरपर्यंत, आणि गोल गोटे असतात ते वर्षाला सेंटिमीटरभर. म्हणजे माझ्या करंगळीएवढ्या फांदीला सहा-सात महिने लागलेले. दिवाळीपासून वैशाखापर्यंत ती तिथे वाढत होती आणि मी बडोद्यात पेपर तपासत होते. रात्री मी हा हिशोब वन्संना सांगितला. त्या म्हणाल्या, मग उद्या जाऊन बघ तिला, इथे बसून काय होणार.

दुसऱ्या दिवशी आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांनी दुसरा माणूस दिला. पन्नाशीचा, गावातलाच, मासेमारी करून मग या धंद्यात आलेला. त्याने आधी माझं जॅकेट घट्ट केलं, मग मास्कच्या काचेवर आतून थुंकायला सांगितलं, बोटाने पसरवून धुवायचं म्हणजे काच धूसर होत नाही, आणि मग गुडघाभर पाण्यात मला नुसतं पालथं पडून राहायला लावलं. दहा मिनिटं. काही करायचं नाही. "दीदी, हाथ-पैर मत मारो. पड़े रहो. मछली अपने आप आएगी." श्वास आत घेतला की शरीर दोन बोटं वर येतं, सोडला की दोन बोटं खाली जातं, हे मला तेव्हा कळलं, पूलमध्ये दोन वर्षं पोहून कळलं नव्हतं.

मग त्याला मी ती जागा दाखवली. जेट्टीकडून तिसरा मोठा गोटा, त्याच्या पलीकडे टेबलाएवढं फांद्यांचं झुडूप. पांढरा ठिपका लांबून दिसत होता. त्याने खाली बुडी मारली, वाळूत पडलेला माझा तुकडा शोधला, आणि झुडपाच्या बुडाशी एका खाचेत घट्ट बसवून ठेवला. वर येऊन म्हणाला, हलला नाही तर कधी कधी लागतो. फांदीची कलमं करतो आपण तसंच. वादळात मोडलेले तुकडे असेच रुजून या जातीची झुडपं पसरतात.

त्यानंतरचे चार दिवस मी रोज त्याच झुडपावर गेले. बाकीचे लोक बोटीने लांबच्या जागी जायचे, मला जावंसं वाटलं नाही. आणि रोज पाऊस होता. मान्सूनच्या आधीचा, सकाळी काळं करून येणारा, वीस मिनिटं झोडपून जाणारा. हॉटेलातले लोक वैतागलेले, पैसे वाया गेले म्हणत होते. त्यांना मी काय सांगणार.

पाऊस पाण्याच्या आतून कसा दिसतो ते सांगते. आधी आवाज येतो. कढईत पापड टाकल्यावर पहिल्या सेकंदाला जो सर्रर्र होतो तो, फक्त थांबत नाही, आणि डोक्याच्या मागून येत नाही, सगळीकडून येतो. त्या आवाजाच्या खाली आणखी एक आवाज कायमचा असतो, चुटचुट चुटचुट, ओलं लाकूड जळताना येतो तसा. ती चुटक्या वाजवणारी कोळंबी, बोटाच्या पेराएवढी, नांगी इतक्या वेगात मिटते की पाण्यात बुडबुडा होऊन फुटतो, त्याचा तो आवाज. तिची जागा कधीच दिसली नाही, आवाज मात्र क्षणभरही थांबला नाही. श्वास धरून मी उताणी झाले, तर वरचा पृष्ठभाग वितळलेल्या चांदीसारखा, आणि प्रत्येक थेंबाचं एक वर्तुळ, वर्तुळाच्या मधोमध खाली ओढलं जाणारं बारीक टोक, त्याच्या टोकाला एक बुडबुडा. हजारो. मी वर बघत असताना नळीत पाणी शिरलं आणि ठसका लागून मला उभं राहावं लागलं, वाळूवरच उभी राहिले, बघून.

पाऊस जोरात झाला की आणखी एक गोष्ट होते. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं, खाऱ्यात लगेच मिसळत नाही. त्या हातभर थरात सगळं धूसर दिसतं, पाकात पाणी ओतल्यावर ज्या रेघा हलतात तशा रेघा. अंगाला तो थर गार लागतो. हात खाली घातला की कोमट. तोंडात आलेलं पाणी कमी खारट. पहिल्यांदा मला वाटलं माझ्या मास्कची काच बिघडली, पण डोकं थोडं खाली नेलं की अचानक सगळं लख्ख, पडदा बाजूला केल्यासारखं.

आणि मासे? मासे पावसाकडे लक्षही देत नव्हते.

माझ्या झुडपात हिरव्या-निळ्या रंगाचे बोटाएवढे मासे होते, क्रोमिस म्हणतात, साठ-सत्तर तरी असतील. वर येऊन पाण्यातलं काहीतरी बारीक बारीक टिपायचे, आणि मी जरा हात हलवला की सगळेच्या सगळे एका क्षणात फांद्यांमध्ये आत. एकही बाहेर नाही. मग मी निपचित पडून राहायची. आधी एक बाहेर यायचा, मग चार, मग सगळे. पहिल्या दिवशी त्यांना बाहेर यायला माझ्या अंदाजाने पाचेक मिनिटं लागली, शेवटच्या दिवशी मी आल्यावर ते आत गेलेच नाहीत. मी मोडलेल्या फांदीच्या दोन्ही बाजूंच्या खाचांमध्ये ते शिरायचे, मधल्या मोकळ्या जागेत नाही. एक फांदी गेली की तिच्या आडोशाची लपायची जागा जाते, हे मला तिथे तरंगताना दिसलं.

शेजारच्या गोट्यावर डॅमसेल जातीचा एक काळपट मासा राहायचा, तळहातापेक्षा लहान. त्याच्या जागेवर शेवाळाची हिरवी मखमल होती, ती त्याची शेती. खरंच शेती, हे मासे नको असलेलं शेवाळ उपटून बाहेर टाकतात आणि हवं ते राखतात. कुणी आलं की धावून जायचा, त्याच्यापेक्षा चौपट मोठे मासे पळवून लावायचा, माझ्या मास्कवरही येऊन टक् करून गेला. आमच्या पोळीत, म्हणजे गल्लीत, दांडिया बाजारला एक आजी होत्या, त्यांच्या ओटल्यावर कुणी सायकल टेकवलेली चालायची नाही, त्यांची मला फार आठवण झाली.

पोपटमासा आधी ऐकू येतो मग दिसतो. दात एकमेकांना जुळून त्यांची चोच झालेली, त्या चोचीने तो दगड खरवडतो, कर्र कर्र, आणि मग पोहता पोहता मागून बारीक वाळूची पिचकारी सोडतो. शेवाळ पचतं, चुना दळून बाहेर. मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू करतो. ज्या पांढऱ्या वाळूवर वन्सं छत्री घेऊन बसल्या होत्या तिच्यातली बरीचशी अशी कुणाच्या ना कुणाच्या पोटातून आलेली. हे त्यांना सांगितल्यावर त्यांनी मूठभर वाळू हातात घेऊन नीट बघितली, चष्मा वर करून.

पण मला सगळ्यात जास्त वेळ गुंतवलं ते एका सफाईवाल्या माशाने. क्लीनर रॅस, निळा, अंगावर डोळ्यापासून शेपटीपर्यंत काळी पट्टी, करंगळीपेक्षा थोडा मोठा. गोट्याच्या एका कोपऱ्यावर त्याचं दुकान. तिथे मासे येऊन थांबतात, अक्षरशः थांबतात, कुणी डोकं वर करून, कुणी तोंड उघडून, कुणी कल्ले फाकवून, आणि हा त्यांच्या अंगावरचे परजीवी टिपतो, तोंडात जातो, कल्ल्यातून बाहेर येतो. एक सर्जनफिश आला, निळाशार अंग, पिवळी धमक पाठ, काळं तोंड, शेपटीच्या बुडाशी त्याचा तो सुरीसारखा काटा मिटलेला. त्याचा नंबर यायला वेळ होता तर बाजूला तरंगत उभा. हा क्लीनर कधी कधी लबाडी करतो, परजीवी सोडून माशाच्या अंगावरचा चिकट थर खातो, कारण त्याला तो जास्त आवडतो. गिऱ्हाईक दचकतं, मला दोनदा दचकलेलं दिसलं. आणि शास्त्रज्ञांनी बघितलंय की दुसरी गिऱ्हाइकं बघत असतील तेव्हा तो लबाडी कमी करतो. हाच मासा आरशात स्वतःला ओळखतो असंही प्रयोगांत दिसलं, अंगावर लावलेला डाग आरशात बघून तो दगडावर घासून काढायचा प्रयत्न करतो. चिमूटभर मेंदू त्याचा. ज्याला आपण ब्रेड टाकतो आणि फोटो काढतो त्यांच्यातलाच हा.

तिसऱ्या दिवशी मोठा पाऊस झाला आणि माझा गाइड खूश होता. मी विचारलं का, तर म्हणाला ढग बरे. एप्रिल-मे मध्ये इथलं पाणी वर्षातलं सगळ्यात गरम असतं. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं की कोरल आपल्यातलं शेवाळं बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं, वर कडक ऊन असेल तर आणखी लवकर. ढग आले की तेवढीच सावली. १९९८ ला अंदमानात झालं, २०१० ला फार मोठं झालं, २०१६ ला पुन्हा. २०१० चं त्याने स्वतः बघितलेलं. म्हणाला, चांदण्या रात्री बर्फ पडल्यासारखं दिसत होतं, टुरिस्ट म्हणायचे किती सुंदर. मग काही महिन्यांनी सगळ्यावर काळं-तपकिरी शेवाळ. माझं झुडूप त्यानंतरचं. आजूबाजूला मेलेले सांगाडे भरपूर होते, नुसता चुरा पडलेला, मी आधी त्याला वाळूच समजत होते. म्हणजे मी मोडली ती फांदी अशा पडझडीतून वाचून किंवा नव्याने उगवून आलेली.

बडोदेकर म्हणून एक गोष्ट मला परत आल्यावर सापडली ती इथे सांगते. ओखामंडळ, म्हणजे द्वारका-बेटचा भाग, तो गायकवाडांच्या राज्यात होता. बडोदा सरकारने जेम्स हॉर्नेल नावाच्या समुद्री जीवांच्या अभ्यासकाकडून १९०५-०६ मध्ये तिथल्या समुद्राची पाहणी करून घेतली आणि १९०९ साली त्याचा अहवाल लंडनहून छापला. आमच्या राज्याला स्वतःचं कोरल होतं आणि त्याची नोंद ठेवणारी माणसं होती, आणि मी इतकी वर्षं म्युझियममध्ये हाडं बघत राहिले. कच्छच्या आखातात जामनगरजवळ देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ मध्ये झालं, नरारा, पिरोटन वगैरे. तिथे ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की कोरल चालत जाऊन बघता येतं. बडोद्याहून रात्रीच्या बसने जायचं एवढंच अंतर. हिवाळ्यात सातवीच्या मुलांना न्यायचं ठरवलंय, प्रिन्सिपलशी बोलणं झालंय, आणि पाय कुठे ठेवायचा हे आधी वर्गात शिकवणार आहे, खडूने जमिनीवर आखून.

शेवटच्या दिवशी पांढरा ठिपका तसाच होता. मला वाटलं होतं कडेने थोडा रंग आला असेल, पण नाही, चार दिवसांत काय येणार. खाचेतला तुकडा जागेवर होता, हलला नव्हता. एक क्रोमिस त्याच्या मागे जाऊन उभा राहिला, तेवढ्याशा आडोशाला. मी निघाले तेव्हा गाइडने फोन नंबर दिला, पावसाळ्यानंतर फोटो पाठवतो म्हणाला. अजून पावसाळा आहे.

परवा लालबागच्या पूलवर होते, शेवटची पंधरा मिनिटं राहिलेली, आणि पाऊस आला. कोच ओरडून सगळ्यांना बाहेर काढायच्या आत मी पाण्याखाली गेले आणि वर बघितलं. तीच वर्तुळं, तीच टोकं, तेच बुडबुडे. सर्रर्र तसाच. खालून चुटचुट मात्र येत नव्हती, निळी फरशी, कुणाची तरी केसांची पिन पडलेली. शिट्टी वाजली तेव्हा माझ्याकडे अजून थोडा श्वास शिल्लक होता.